मानपत्रातली रिकामी जागा

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका रविवारी गावाकडून अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे वडिलांचे मित्र. आमच्या तालुक्यात दरवर्षी एक युवा गौरव सोहळा होतो, त्याच्या आयोजकांपैकी एक. "इंजिनियर, एक बारकं काम हाय. एकेचाळीस मानपत्रं काढायचीत. डीटीपीवाला एकेक नाव टाईप करत बसतो, आठ दिवस खातो आणि वर चुका. तू मशीनवर फटाफट काढून दे."

नाही म्हणायला कारण नव्हतं. नोकरीत मी एका परदेशी कंपनीची बिलं आपोआप तयार करणारा कोड सांभाळतो. साचा एकच, त्यात नाव बदलतं, रक्कम बदलते, पीडीएफ निघते. मानपत्र म्हणजे तेच, फक्त कडेला सोनेरी वेलबुट्टी. अण्णांनी एक्सेल पाठवली, गेल्या वर्षीच्या मानपत्राचा फोटो पाठवला. साठेक ओळींची स्क्रिप्ट झाली. एका बटणात एकेचाळीस माणसांचा गौरव.

हा लेख त्या मानपत्राबद्दल आहे. आपण कविता-कादंबऱ्यांवर समीक्षा लिहितो. पण महाराष्ट्रातल्या बहुसंख्य घरांत भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये लावलेला, पाहुण्यांना दाखवलेला, जपून ठेवलेला मराठी मजकूर हा असतो. त्याच्याकडे कोणी मजकूर म्हणून बघत नाही. मीही बघितलं नव्हतं, साचा करायला बसेपर्यंत.

आपण

साचा चार वाक्यांचा होता. आपण अल्पावधीत केलेलं कार्य उल्लेखनीय आहे. प्रतिकूल परिस्थितीवर मात करून आपण यश संपादन केलंत. आपलं कार्य तरुण पिढीसाठी प्रेरणादायी आहे. आपल्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.

बिलाच्या साच्यात मला दहा अटी घालाव्या लागतात: देश कोणता, कर किती, चलन कुठलं. इथे एकही नको. मराठीत वाक्य लिहायचं तर माणूस बाई आहे की पुरुष हे क्रियापदाला ठाऊक असावं लागतं. 'ते शिकले', 'त्या शिकल्या'. पण मानपत्र 'आपण' म्हणतं आणि सुटतं. 'आपण शिकलात' हे कोणालाही चालतं. मला आधी हे आदराचं व्याकरण वाटलं. मग लक्षात आलं, की हे न विचारण्याचंही व्याकरण आहे. समोरच्याबद्दल काहीही माहीत नसताना त्याच्याशी चार वाक्यं अतिशय अदबीनं बोलायची सोय मराठीत आहे, आणि मानपत्रानं ती पुरेपूर वापरली आहे.

एकच ठिकाण अडलं. सुरुवातीला 'या गावचे सुपुत्र' असं होतं. तिथे मी अट घातली: पुरुष असेल तर 'चे सुपुत्र', बाई असेल तर 'ची सुकन्या'. अख्ख्या मजकुरातला तेवढाच निर्णय. तोही चुकला, पण ते पुढे सांगतो.

एक्सेलमध्ये सहा रकाने होते. नाव, गाव, क्षेत्र, पुरस्काराचं नाव, मोबाईल. सहावा रकाना 'सहकार्य'. त्यात कुठे आकडे होते, कुठे शून्य. मी अण्णांना विचारलं, हे काय? "मंडप, जेवण, ट्रॉफी, पावण्यांची गाडी. हे काय आभाळातनं पडतंय का?" अण्णांचा आवाज जराही चोरटा नव्हता. एकेचाळीसपैकी सव्वीस जणांनी सहकार्य केलं होतं. ज्यांचं सहकार्य मोठं त्यांच्या पुरस्काराच्या नावात 'रत्न' होतं, मधल्यांना 'भूषण', शून्यवाल्यांना 'गौरव'. हा नियम कोणी लिहून दिलेला नव्हता. मी फक्त रकाना चढत्या क्रमानं लावला, तेव्हा तो दिसला.

शेवटची ओळ माझी होती. 'आयटी क्षेत्र, युवा भूषण.' सहकार्याच्या जागी अण्णांनी लिहिलं होतं, 'प्रोग्रॅम करून दिला.'

सुकन्या

सोहळा जानेवारीत झाला. मंडप, एलईडी पडदा, शाल, श्रीफळ, गुलाबाचं रोप. निवेदक प्रत्येक नावाआधी तीन विशेषणं लावत होता आणि मला प्रत्येक विशेषणाबरोबर माझी एक्सेल दिसत होती. स्वतःच्या स्क्रिप्टनं काढलेलं स्वतःचं मानपत्र मी स्टेजवर स्वीकारलं. त्यात मी प्रतिकूल परिस्थितीवर मात केली होती. माझी परिस्थिती कधीच फार प्रतिकूल नव्हती. वडील बँकेत होते, इंजिनियरिंगची फी त्यांनी भरली.

जेवणाच्या रांगेत एक आशाताई माझ्याकडे आल्या. वय तिशीच्या आतबाहेर, बरोबर दोन मुली आणि सासूबाई. "सर, हे तुम्ही छापलंय म्हणत्यात. एक बदल व्हईल का? मी इथली सुकन्या न्हाई. मी इथली सून हाय."

सासूबाई हसल्या. मीही हसलो, पण हसू ओशाळं होतं. त्यांचं माहेर दुसऱ्या तालुक्यात. त्यांनी जे काही केलं ते लग्न होऊन आल्यावर, या गावात, सुनेच्या हक्कानं आणि सुनेच्या अडचणींसकट. मानपत्राकडे सुपुत्र आहे, सुकन्या आहे. दुसरीकडून येऊन गाव आपलं केलेल्या बाईसाठी शब्द नाही. स्नुषा हा शब्द लग्नपत्रिकेत चालतो, गौरवात कोणाला सुचत नाही.

"आणि सर," त्या म्हणाल्या, "मी काय केलं त्ये कुठंच न्हाई ह्याच्यात."

मान मोजून देण्याचा काळ

साहित्यात पुनरुक्तीला आपण दोष म्हणतो. पण स्तुतीचा मजकूर आधीपासूनच साचेबंद होता, असं कोणी म्हणेल. ते अर्धंच खरं आहे.

नाशिकच्या पांडवलेण्यांत तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. नातू पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तिनं तो कोरवून घेतला. आपल्या मेलेल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, हे मानपत्रच आहे. अतिशयोक्ती भरपूर: त्याचे घोडे तीन समुद्रांचं पाणी प्यायले. पण त्यातच प्रदेशांची नावं आहेत, कोणाचा वंश मोडला ते आहे, कर धर्मानुसार घेतले हे आहे, तो आईची सेवा करायचा हेही आहे. आणि शेवटी लेणं कोणत्या पंथाच्या भिक्षूंना दिलं त्याचा चोख हिशेब. समुद्राची ओळ इतर कुठल्याही राजाला लावता येईल. आईची, ती कोणी कोरवली ते पाहता, सहज लावता येणार नाही. आणि दानाची तर मुळीच नाही, कारण त्या ओळीवर भिक्षूंचा हक्क उभा होता.

मराठेशाहीतल्या कागदांकडे बघा. पाटीलकी हे वतन होतं. ते वाटलं जायचं, विकलंही जायचं. तेव्हा मान एकेक करून लिहिले जात. पोळ्याला कोणाचे बैल पुढे, होळीला पोळी कोणाची आधी, विडा आधी कोणाच्या हातात. त्यामागची जातीची उतरंड विसरून त्याचं कौतुक करायचं कारण नाही. पण मान ही वस्तू होती, मोजता येत होती, तिच्यावरून भांडता येत होतं. आज 'उल्लेखनीय कार्य' यावरून कोण भांडणार? उल्लेखनीय म्हणायचं आणि उल्लेख करायचा नाही, हा आपल्या मानपत्राचा शोध आहे.

म्हणून माझी कसोटी साधी आहे, कोडिंगमधून आलेली. मानपत्रातलं एक वाक्य उचला आणि शेजारच्या माणसाच्या मानपत्रात चिकटवा. काही बिघडलं का? बिघडलं तर ते वाक्य खरं. नाही बिघडलं तर ते बॉर्डरवरच्या वेलबुट्टीसारखंच. माझ्या एकेचाळीस मानपत्रांत एकच वाक्य चिकटवल्यावर बिघडत होतं, ते म्हणजे गावाच्या नावाचं. तेच चुकीचं निघालं.

पंचविसाव्या वर्षीची शाल

'युवा' पुरस्कारांची म्हणून एक वेगळी अडचण आहे. फोर्ब्सची यादी २०११ पासून तिशीच्या आतल्यांची. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार त्याच वर्षापासून, पस्तीसपर्यंतच्यांना. जेसीआयचा तरुणांसाठीचा पुरस्कार १८ ते ४०. 'लोकसत्ता'चा तरुण तेजांकित २०१८ पासून, तोही चाळिशीच्या आतल्यांसाठी. वयाची रेघ कुठेही मारा, ज्येष्ठाचा सत्कार म्हणजे झालेल्या कामाची पावती. तरुणाचा सत्कार म्हणजे उसनवारी. पुढे काय करशील ते आज गृहीत धरून दिलेली शाल. फोर्ब्सनं २०२३ मध्ये स्वतःच्याच यादीतल्या फसलेल्या निवडींची यादी छापली, ती याच उसनवारीची बुडीत खाती.

आपल्याकडे या उसनवारीचं सगळ्यात चांगलं उदाहरण १८५२ चं आहे. १६ नोव्हेंबरला पुण्यात विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारनं जोतीराव फुल्यांचा शाल देऊन सत्कार केला, मुलींच्या शाळांसाठी. फुले तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. कँडी म्हणजे मोल्सवर्थबरोबर कोशाचं काम केलेले आणि मराठीत विरामचिन्हं रुजवणारे तेच.

आजच्या हिशेबानं ही सरकारची प्रतिमा उजळणारी निवड. पुढे काय झालं? १८८० मध्ये पुणे नगरपालिकेत व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा विषय आला, तेव्हा सभासद असलेल्या फुल्यांनी एकट्यानं विरोध केला. हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा म्हणाले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी सरकारच्या शिक्षणधोरणाचे वाभाडे काढले: कर शेतकऱ्याचा आणि शाळा वरच्या जातींच्या. २ मार्च १८८८ ला ड्यूक ऑफ कॅनॉटसाठी पुण्यात झालेल्या मेजवानीत ते शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि हीच खरी रयत, हे ऐकवून आले.

शाल देणाऱ्याच्या स्वागताचा खर्च नाकारणं, हे मला त्या शालीचं खरं फळ वाटतं. तरुणाला दिलेला पुरस्कार यशस्वी झाला की नाही हे पुरस्कार देणाऱ्याला पुढे तो किती गैरसोयीचा झाला यावरून ठरवावं. आमच्या सोहळ्यात सत्कारमूर्ती स्टेजवरून उतरले की आयोजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतले जातात. पुढच्या वर्षी तेच सहकार्य करतात. उसनवारी वर्षभरात फिटते.

याच मे महिन्यात, त्याच १८८८ मध्ये, मांडवीच्या कोळीवाड्यात लोकांनी फुल्यांना 'महात्मा' म्हटलं. ती पदवी आज नावाला चिकटून आहे. आपल्या संविधानाचं कलम १८ राज्याला किताब द्यायला मनाई करतं, आणि भारतरत्न-पद्म हे नावाच्या मागेपुढे लावायचे नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये सांगितलं. आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर मात्र 'युवा उद्योगरत्न' नावाच्या आधी येतं, त्याहून मोठ्या अक्षरात.

मानधन

आता आशाताईंच्या प्रश्नाकडे. मी काय केलं ते कुठेच नाही, असं त्या म्हणाल्या. ते का नसतं?

मराठीत 'मान' हा शब्द कुठे कुठे लागतो बघा. मानपत्र. मानचिन्ह. मानकरी. आणि मानधन. पगार ज्याला द्यायचा नाही त्याला आपण मानधन देतो. आशा योजना २००५ पासूनची. महाराष्ट्रात त्यांचं अधिकृत नाव 'आशा स्वयंसेविका'. स्वयंसेविका म्हटलं की ती कर्मचारी राहत नाही. कर्मचारी नाही म्हणून पगार नाही. पगार नाही म्हणून मानधन आणि कामागणिक मोबदला. शब्दांनीच हे सगळं साधलं आहे. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांहून जास्त आशांचा एकत्रित गौरव केला. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, महाराष्ट्रातल्या आशा आणि गटप्रवर्तक मानधनवाढ आणि दिवाळी बोनससाठी संपावर गेल्या. नंतर जाहीर झालेल्या वाढीचा शासन निर्णय निघेना म्हणून २०२४ च्या सुरुवातीला आझाद मैदानात बसल्या. जगाचं मानपत्र आणि आझाद मैदान, यांत दोन वर्षांचंही अंतर नाही.

साहित्यातही तेच. नवनाथ गोरे यांच्या 'फेसाटी' या कादंबरीला २०१८ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. दुष्काळी भागातल्या पोराच्या शिकण्याच्या फरफटीची ती गोष्ट. लेखक महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे पुन्हा मानधन: तास घेतला तर पैसे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तास बंद झाले, आणि अकादमीविजेता लेखक दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातोय ही बातमी आली. बातमी आल्यावर मदत आली, हे चांगलंच झालं. पण बातमीतला धक्का कशाचा होता? लेखक मजुरी करतो याचा, की तासिका तत्त्वावरचा मास्तर मजुरी करतो याचा? दुसऱ्याची बातमी झाली नसती. ते रोजचंच आहे. पुरस्कारानं एका माणसाला बातमीलायक केलं, आणि त्याच्यासारख्या बाकीच्यांकडे पाहायची गरज संपवली.

मानपत्रात तपशील का नसतो याचं उत्तर मला इथे सापडतं. कारण तपशील लिहिला की हिशेब निघतो. 'आपण रात्री दोन वाजता गरोदर बाईला रिक्षातून ग्रामीण रुग्णालयात नेलंत' असं लिहिलं, की पुढचा प्रश्न येतो: रिक्षाचे पैसे कोणी दिले? 'आपलं कार्य प्रेरणादायी आहे' या वाक्यापुढे कोणताही प्रश्न येत नाही.

टीव्हीच्या वर

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, मी पुरस्कारांची टिंगल करतोय. घरी मी तशी करायला गेलो होतो. मानपत्र आईच्या हातात देऊन म्हणालो, हे मीच लिहिलंय, मीच छापलंय, फुकट आहे. आईनं पूर्ण ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलं. म्हणाली, "तू पुण्यात काय करतोस हे मला आजपर्यंत कोणाला सांगता आलं नाही. आता बोट दाखवता येतं."

मी निरुत्तर झालो. माझं काम तिला कळेल असं सांगायचा प्रयत्न मी सात वर्षांत एकदाही केला नव्हता. त्या चार पोकळ वाक्यांनी तो केला. लाऊडस्पीकरवर स्वतःचं नाव 'श्रीमती' लावून पूर्ण ऐकणं ही त्या मंडपातल्या कितीतरी जणींसाठी आयुष्यात पहिल्यांदा घडलेली गोष्ट होती. आशाताईंच्या मुली व्हिडिओ काढत होत्या. पोकळ मजकुरालाही लोक आपल्या अर्थानं भरतात. पण म्हणून तो पोकळ द्यावा, हे पटत नाही. ज्याला एकदाच मिळणार आहे, त्याला तर अजिबात नाही.

मी आशाताईंना फोन केला. म्हटलं, काय काय केलं ते व्हॉइस नोटवर पाठवा. चौदा मिनिटांची नोट आली. मागे भांड्यांचा आवाज. कोरोनात पहिल्या वस्तीवर लोकांनी दारातून हाकलून दिलं, तरी चौथ्या दिवशी तापमान मोजून घेतलं. एका घरात तीन मुलींनंतर ऑपरेशनला सासरा तयार नव्हता, तिथे सहा महिने जाऊन बसल्या. किती बाळंतपणं दवाखान्यात नेली ते त्यांच्या वहीत तारखेनिशी होतं. मी त्यातून अर्ध्या पानाचं मानपत्र लिहिलं. 'आपण'च ठेवलं, पण 'या गावच्या सूनबाई' असं लिहिलं. चांगल्या कागदावर छापून पाठवलं.

त्यांचा मेसेज आला: छान झालंय सर, रडू आलं. मग दुसरा: पण ह्याच्यावर सही-शिक्का नाही. गटप्रवर्तकच्या जागेसाठी फाइल लावायची आहे, तिथं सही लागते. जुनंच लावते.

मी अण्णांना नवं मानपत्र सहीसाठी पाठवलं. त्यांनी वाचलं. म्हणाले, "चांगलंय. पण ह्या एकीलाच आसलं दिलं तर बाकीचे चाळीस विचारतील, आमचं का न्हाई?" सही झाली नाही.

या वर्षी पुन्हा एक्सेल आली. मी स्क्रिप्टमध्ये एक रकाना वाढवला: 'काय केलं, एका वाक्यात'. तो रिकामा असेल तर त्या ओळीचं मानपत्र निघत नाही. अण्णांना आधीच सांगितलं. ते चिडले, मग म्हणाले बघू. परवा फाइल भरून परत आली. अडतीस ओळींपैकी एकतीस ओळींत 'सामाजिक कार्य' असं लिहून खाली ओढत नेलंय. सात ओळींत काहीतरी खरं आहे. एकीत आहे: 'गावातली बंद पडलेली पाण्याची मोटर स्वतःच्या खर्चानं दोनदा दुरुस्त केली, तिसऱ्यांदा ग्रामपंचायतीला करायला लावली.'

हे वाक्य मी इतर सदतीस ओळींत चिकटवून पाहिलं. कुठेच बसलं नाही.